सहा टाके लाल दोऱ्याचे

२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अ. आ. वि. वि.

रविवारी गायनमास्तराने भर चर्चमध्ये जाहीर केलं, की गाठोड्याचं गाणं त्याच्या आजोबांनी रचलं आणि यंदाच्या नाताळच्या पुस्तिकेत ते त्यांच्या नावाने, अर्थासकट येणार. पुस्तिका छापणार कोण, तर तुझा छापखाना. आणि तू मला एका अक्षराने कळवू नयेस? काय देऊन गप्प केलंय तुला त्याने?

अर्थ तरी ऐक. बाळ येशूला एक चादर, म्हणजे एकच देव. दोन अभ्रे म्हणजे जुना करार, नवा करार. तीन पंचे म्हणजे त्रैक्य, चार झबली म्हणजे चार शुभवर्तमानं, पाच दुपटी म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. सहा टाके लाल दोऱ्याचे, म्हणजे ख्रिस्ताच्या जखमा. मी उभी राहून म्हटलं, जखमा पाचच होत्या. तर म्हणतो, सहावी काळजाची! म्हणे धर्म शिकवायला बंदी होती, तेव्हा आजोबांनी शिकवण गाण्यात दडवून ठेवली.

अरे, मी चौथी नापास, पण एकवीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात घड्या घालतेय. माझ्याआधी आईने तीस वर्षं घातल्या. बाळंतिणींच्या वॉर्डाचं गाठोडं असंच बांधतात: तळाला चादर, मग अभ्रे, पंचे, झबली, वर दुपटी. लिहिता न येणाऱ्या बायकांची मोजणी चुकू नये म्हणून ते गाणं. चर्चमध्ये ते आणलं आईने, आणि माझी पैज आहे, रचलंही तिनेच. आता तिचं नाव पुसून मास्तर आपल्या आजोबांचं लावणार, आणि छपाईचे खिळे जुळवणार तिचाच मुलगा. शोभतं का?

लगेच लिही. लोभ आहेच, पण उत्तर येईपर्यंत तो कुलपात ठेवलाय.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस, सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचताना जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मी उभा राहिलो. मास्तराने मला एक पेन दिलं, तेही गळतं. एवढीच लाच. तू चिडशील म्हणूनच कळवलं नाही, आणि तू चिडलीसच.

पण तुझ्यामुळे मलाही शंका आली. मी मास्तराला म्हणालो, आजोबांच्या हातचा मूळ कागद पाहिल्याशिवाय जुळणी करणार नाही. त्याने कुरकुरत आणला. ताई, कागद खोटा नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर शिळा कागद बोटांना कळतो. वर इस्पितळाच्या कोठाराचा शिक्का आहे. त्याचे आजोबा तिथे कारकून होते, हे त्याने दडवलं, मी शिक्क्यावरून काढून घेतलं. म्हणजे धुलाईघरातलं गाणं त्यांनी ऐकून उतरवलं असावं. तेव्हा धर्माची बंदी वगैरे सगळी थाप.

खरी गंमत पुढे आहे. त्या कागदावर कडवी पाचच आहेत. लाल दोऱ्याचं सहावं नाहीच. ते मास्तराने आपण गातो त्यावरून घातलं. मग ते आलं कुठून? मला आठवतं, सहाव्याला आई नेहमी गप्प व्हायची. मला वाटायचं, दम लागतो.

आईला विचार, पण जरा गोडीने. चोवीस तारखेला पानं यंत्रावर जातील.

मुलं तुझी आठवण काढतात, घाबरतातही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अ. आ. वि. वि.

गोडीने मला जमत नाही. सरळ विचारलं, की कारकुनाच्या कागदावर पाचच कडवी कशी? आईने आधी ऐकू न आल्याचं सोंग केलं. मग झोपेचं. मी खुर्ची ओढून समोर बसले, तेव्हा बोलली.

पाच कडवी ती कामाला लागली तेव्हा होतीच. कोणी रचली ते तिथल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे माझीही पैज गेली. सहावं मात्र तिचं.

जे बाळ घरी जात नाही, त्याचे कपडे वेगळे धुतात, आणि ओळखायला कोपऱ्यावर लाल दोरा घालतात. हे मी तुला काय सांगते, मला स्वतःला ठाऊक होतं! कितीदा घातलाय मी तो दोरा, आणि वर्षानुवर्षं तेच कडवं छाती फुगवून गायलेय. एकदा डोक्यात येऊ नये?

एरवी एकच टाका पुरतो. आईने सहा घातले. सहा दिवस जगली, म्हणाली. मुलगी होती. माझ्या आधीची. ते गाठोडं तिने दुसऱ्या कोणाला धुऊ दिलं नाही.

मला रागच आला. जन्मभर मी मोठी म्हणून तुम्हा सगळ्यांवर हुकूम सोडले, आणि मी मोठी नव्हतेच. विचारलं, आमच्यापासून लपवलंस का? तर म्हणते, लपवलं कुठे, दर नाताळला तुम्हा सगळ्यांकडून म्हणून घेतलंच की. मी उठून तिची चादर बदलली. बदलायला झाली नव्हती.

मग मास्तराकडे गेले. म्हटलं, कागद उतरवणाऱ्याचं आणि रचणाऱ्याचं काम एक नव्हे, आजोबांचं नाव काढा. कोठाराच्या शिक्क्याचं नाव काढताच तो नरमला. पण सहाव्याचा अर्थ काय, म्हणून खोदून विचारू लागला. मी म्हटलं, सांगत नाही. आता त्याला वाटतंय, गाणं बळकावायचा माझाच काही डाव आहे. वाटू दे.

तू असं जुळव: सहाही कडवी, नाव कोणाचंच नाही. आईचंही नको, तिनेच सांगितलंय. पाचांखाली मास्तराला हवे ते अर्थ राहू देत, भाबड्यांना आवडतील. सहाव्याखाली काही घालू नकोस. जागा मोकळी दिसते म्हणून तुझा मालक फूल नाहीतर तारा बसवायला सांगेल. बसवू नकोस.

आणि आईला कळू देऊ नकोस की तुला ठाऊक आहे. मात्र नाताळला शेजारी बसशील तेव्हा सहावं कडवं जरा मोठ्याने म्हण. कळावे, आणि माझ्या तोंडाळपणासकट मला आपली समजावे.

तुझी,
ताई