नानांची काठी

स्टेट कॉलेज, ऑक्टोबर १९८६

ती. नानांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही गेल्याला चार महिने झाले. पत्र पाठवायला पत्ता नाही, तरी लिहितो.

गेल्या वर्षी इथं परदेशात आमच्याकडे आला होतात तेव्हा घरामागच्या जंगलात रोज एकटेच फिरायला जायचात. "मुकुंदा, हवा फुकट आहे, चल की!" म्हणायचात. मी म्हणायचो, "उद्या नक्की."

आज पहिल्यांदा गेलो. मेपलची पानं पडत होती, बाकी सगळं शांत होतं. कुत्र्याला फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ माझा तुमच्यासारखा चेहरा पाहून थांबले.

"वडील बरे आहेत ना तुझे?"

मी सांगितल्यावर त्यांनी टोपी काढली आणि मला एका ओकच्या झाडापाशी नेलं. बेचक्यात तुमची काठी होती.

"रोज इथंच ठेवून जायचे. घरात चिखल नको म्हणायचे."

नाना, काठीनं कार्पेट खराब होतं, असं मीच एकदा तुमच्यावर चिडून बोललो होतो.

काठी घरी आणली. तुमच्या सुनेनं दाराशी वर्तमानपत्र अंथरलं. मी ते उचललं आणि वाळलेल्या चिखलासकट काठी कार्पेटवर उभी केली.

तुमचा
मुकुंद