सात जणींची उपमुख्यमंत्री

३ फेब्रु., मंगळ.
झाले! उपमुख्यमंत्री झाले! कॉलेजच्या १० तारखेच्या अभिरूप विधानसभेत का असेना. सरकार दोन पक्षांचं: वैभवचा मोठा, आमचा हॉस्टेलच्या सात जणींचा. म्हणून मु.मं. तो, उ.मु. मी. पैठणला घरी अण्णांना फोन केला. "लई भारी! म्या येतो ऐकायला. मेंढरं मामा बघल एक दिस." अण्णांनी मला बोलताना कधीच ऐकलेलं नाही. स्टेजवर तर नाहीच.

५ फेब्रु., गुरु.
हवाच गेली. घटनेत उपमुख्यमंत्री शोधून दमले. नाहीच! राज्यशास्त्राचे सर हसले. शपथ नुसती मंत्री म्हणून. पदाचे वेगळे अधिकार शून्य, हातात खातं असेल त्याचेच काय ते. आणि वैभवनं मला खातंच दिलेलं नाही!! मग प्रश्न कोण विचारणार, उत्तर कशाचं देणार? नुसती मान डोलवत बसू? अण्णा यष्टीनं येऊन हे बघणार?

६ फेब्रु., शुक्र.
कँटीनमध्ये वै.शी जोरदार वाजलं. गृह दे नाहीतर अर्थ. तर म्हणे, "गृह माझ्याकडंच. तू पर्यटन घे ना, वेरूळ-अजिंठा आपलंच आहे." मेला! मी अर्थावर अडून. पैशासाठी सगळी खाती माझ्या दारात आली पाहिजेत. "बघू" म्हणाला. त्याचं बघू मला माहितीये.
रूममेट अस्मा चहा पिता पिता म्हणाली, "तुम सात जने उठ गए तो उसकी कुर्सी कैसी टिकती गे?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

८ फेब्रु., रवि.
तालमीला सातही जणी वै.च्या समोर, विरोधकांच्या बाकांवर. काय तोंड झालं होतं त्याचं! संध्याकाळी मेसेज: अर्थ तुझं. मेसमध्ये मी किंचाळले, वाढणाऱ्या मावशी दचकल्या.
अण्णा: "अर्थ म्हंजी तिजोरी? व्हय? मंग तुला इचारल्याबिगर काय हलतंय!"

९ फेब्रु., सोम.
उत्तरं पाठ. अण्णा सकाळच्या पहिल्या यष्टीनं निघतील. नवा फेटा बांधणार म्हणे.
आत्ता विरोधी पक्षनेती प्रणिता खोलीवर येऊन गेली. दार लोटून हळूच, "तुम्ही सात जणी इकडं या. उद्या अविश्वास ठराव आणते. नियमात बसतं, सरांना विचारलंय. मुख्यमंत्री तू."
मु.मं.! अण्णांसमोर! पण वै.नं शब्द पाळलाय, मागितलं ते दिलंय...
"सकाळी सांग," म्हणाली.
मी तिला नाही म्हटलेलं नाही.