किमान आठ विद्यार्थी

५ जानेवारी, सोमवार
नाताळची सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मीटिंग घेतली. आठवीची मुलं मार्चमध्ये नववीचे विषय निवडणार. ब्रिटिश बोर्डाची पद्धत म्हणे. एका विषयाला किमान आठ मुलं हवीत, नाहीतर विषय बंद. विषय बंद म्हणजे त्या शिक्षकाचं काँट्रॅक्टही बंद. हे सांगताना त्या माझ्याकडे का बघत होत्या कळलं नाही.

मी दिलीप. कराडच्या ज्युनिअर कॉलेजात एकोणीस वर्षं इतिहास शिकवला. वर्गात नव्वद पोरं, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. सुनंदा बँकेत बढती घेऊन जयपूरला आली म्हणून मी इथे आलो, नाहीतर या इंटरनॅशनल पोरांच्या नशिबी मी कुठला? आठवीत बावीस जण आहेत. वीस नक्की माझ्याकडे येतील. त्यात आमची अवनी आलीच. वरुण नावाचं एक आगाऊ कार्टं आहे, ते नाही आलं तरी चालेल.

संकल्प : नोट्स पूर्ण डिक्टेट करणे. टोमणे बंद. रोजनिशी रोज.

१२ जानेवारी
मधले सहा दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

आज पहिलं महायुद्ध सुरू केलं. आधी पुस्तकाबद्दल. पानोपानी कार्टून्स, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' अरे, तेरा वर्षांच्या पोरांना काय वाटायचंय डोंबलाचं? युद्ध केव्हाच होऊन गेलं. मी पुस्तक मिटायला लावलं आणि महायुद्धाची एकोणीस कारणं डिक्टेट केली. राजकीय सात, आर्थिक पाच, सामाजिक चार, तात्कालिक एक, इतर दोन. सगळा वर्ग तल्लीन. तिघांचे तर डोळे मिटले होते.

मग वरुणने हात वर केला. म्हणे पाचवं आणि अकरावं कारण एकच आहे. मी म्हटलं, बाळा, मार्क दोन मिळतात. तर म्हणे, पण सर, हे कशावरून? या पोरांना सोर्स नावाचा रोग झालाय. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं. मी सांगितलं, मी सांगतोय यावरून. विषय संपला.

टोमणे एकूण तीन मारले. वरुणला एकही कळला नाही, त्यामुळे ते धरत नाही.

१५ जानेवारी
आवाज गेला. एकोणीस कारणं घसा फोडून सांगितल्याचा परिणाम. काल संक्रांत होती, इथे सगळं शहर गच्चीवर पतंग उडवतं. मीही होतो बनी पार्कातल्या आमच्या गच्चीवर, सकाळी आठपासून. सुनंदा म्हणते, शेजाऱ्यांचे पतंग कापल्यावर दिवसभर बोंबलत होतास म्हणून घसा बसला. हिला अध्यापनाचे कष्ट कधी कळायचे!

डॉक्टरांनी आठवडाभर बोलायला बंदी घातलीय. माझ्या जागी वर्गावर कोण? रणजीत. पीटीचा मास्तर! गळ्यात शिट्टी. हसावं की रडावं. मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक्केचाळीस पानी नोट्स पाठवल्या. उत्तरादाखल अंगठा आला.

१९ जानेवारी
अवनी घरी आली ती डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखून. रणजीतने पोरांना बास्केटबॉल कोर्टमागे खंदक खणायला लावला. मग या थंडीत चाळीस मिनिटं त्यात डोकं खाली घालून गुपचूप बसवलं. मग घरी पत्र लिहायचं, आणि दुसऱ्या मुलाने अधिकारी होऊन त्यातल्या ओळी लाल पेनाने खोडायच्या. हा इतिहास? ही तर मजुरी झाली.

अवनी तासभर बोलत होती. बाबा, मतलब खरंच काहीच दिसत नाही वर, बाबा, मतलब पाय सुन्न होतात. बोलता बोलता मोबाइलकडे न बघता दोन बाजरीच्या भाकऱ्या संपवल्या. मी पाटीवर लिहून विचारलं, कारणे किती? तिला चारच आली. वर त्या चारांतलं सगळ्यात मोठं कोणतं यावर माझ्याशी वाद घालू लागली. पाटीवर वाद घालणं फार त्रासाचं आहे.

२३ जानेवारी
रणजीत इथल्याच शेखावाटी भागातला, फौजी लोकांचा मुलूख. त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढले. काल त्याने त्यांचं मेडल आणि घरी पाठवलेलं एक पोस्टकार्ड वर्गात आणलं. पोस्टकार्ड नऊ ओळींचं. त्यावर अख्खा तास! पणजोबांना लिहिता येत नव्हतं, मग लिहिलं कुणी? अधिकारी वाचणार हे माहीत असताना 'येथे सर्व कुशल' यावर विश्वास कसा ठेवायचा? हे सगळं वरुणने विचारलं, आणि त्याला म्हणे शाबासकी मिळाली. या वेगाने दुसरं महायुद्ध शतक उलटलं तरी संपायचं नाही.

आज आवाज परत आला. रणजीतला स्टाफरूममध्ये गाठून समजावलं की बाबा रे, भावना म्हणजे इतिहास नव्हे. तो उठून उभा राहिला, आप तो विद्वान हैं सर म्हणाला. मुलगा वाईट नाही, नुसता अडाणी आहे. स्वतःच्या शिक्षणाबद्दल काहीतरी सांगायला लागला होता, पण माझा तास होता.

२ फेब्रुवारी
विषयांची पहिली पसंती जाहीर झाली. इतिहासाला दोन.

दोन!

नावं गुप्त आहेत. अवनीला विचारलं तर म्हणाली, सीक्रेट आहे बाबा. म्हणजे एक तिचंच. ही संख्या कमी का याची कारणं :
राजकीय : कॉम्प्युटरवाल्या मॅडम प्रिन्सिपलच्या मैत्रीण आहेत.
सामाजिक : आजकालचे आईबाप.
तात्कालिक : फॉर्म भरायच्या दिवशी कँटीनमध्ये पास्ता होता, मुलांचं लक्ष नव्हतं.
सुनंदाने विचारलं, एखाद्या मुलाला विचारून पाहिलंस का, की का नको? मी म्हटलं, प्रश्न शिक्षकाने विचारायचे असतात. ती काही बोलली नाही, पण ज्या पद्धतीने बोलली नाही ते मला आवडलं नाही.

अजून सहा हवेत.

१० फेब्रुवारी
युक्ती सापडली. पोरांना सोर्सच हवाय ना? मग घ्या! रणजीतच्या मेडलला आमच्या घराण्याचं उत्तर आहे. माझ्या आजोबांनी भर सभेत इंग्रज कलेक्टरच्या पायाशी हार भिरकावला होता. त्या सभेचा फोटो आमच्या हॉलमध्ये टांगलेला आहे. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलोय, आजही अंगावर काटा येतो. ब्रिटिश इतिहास शिकायचाय, तर तो आमच्या घरातूनच जातो.

फोटो भिंतीवरून काढून सुनंदाच्या शालीत गुंडाळून ठेवला. उद्या ऑटोने नेणार. बसमध्ये काच फुटायची.

११ फेब्रुवारी
फोटो कॅमेऱ्याखाली ठेवून मोठ्या स्क्रीनवर दाखवला. गोष्ट सांगितली.  वर्ग प्रथमच खरोखर शांत, डोळे उघडे ठेवून.

मग वरुणने झूम करायची परवानगी मागितली.

झूम केल्यावर असं दिसलं की आजोबा कमरेत वाकलेले आहेत. हार दोन्ही हातांत. चेहऱ्यावर हसू. कोटाला बिल्ला. मागच्या बाकावरच्या तनयाने फोटोची मागची बाजू बघायला मागितली. तिथे शाईने इंग्रजीत लिहिलं होतं : मेहेरबान कलेक्टरसाहेबांचा निरोपसमारंभ, आपला आज्ञाधारक सेवक, चिटणीस, स्वागत समिती. खाली सही. अक्षर आजोबांचं.

मी लगेच खुलासा केला. एक, त्या काळी कॅमेरे संथ असायचे, हार भिरकावला तो फोटोनंतर. दोन, ते हसू तुच्छतेचं आहे. तीन, हार अजून घातलेला नाही, हाच निषेध. पोरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग माझ्या पोटच्या पोरीने हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं की सर (वर्गात ती सर म्हणते), ही हाराची गोष्ट घरात पहिल्यांदा कुणी सांगितली, कधी, आणि कुणाला?

बेल झाली. देव आहे.

संध्याकाळी कराडला काकांना फोन केला. ते म्हणाले, अरे ती गोष्ट तुझ्या वडिलांनी रचली, तुझ्या लग्नाच्या बोलणीत, सुनंदाच्या वडिलांवर छाप पाडायला. फोन स्पीकरवर होता. सुनंदा हसून हसून सोफ्यावरून खाली आली. पण मग मी लहानपणापासून कुठली गोष्ट ऐकत आलोय? काकांचं वय झालंय. त्यांच्यावर विसंबता येत नाही.

फोटो पुन्हा टांगला. थोडा तिरका बसलाय.

२० फेब्रुवारी
आज शाळेत पालकांसाठी विषयांचा मेळा होता. प्रत्येक शिक्षकाने एक टेबल मांडायचं आणि गिऱ्हाईकांची वाट बघायची. भाजी मंडई नुसती. बिझनेसवाल्याने चॉकलेटं ठेवली होती, लाज वाटली पाहिजे. मी एकशे बहात्तर सनावळ्यांचा तक्ता लावला आणि पस्तीस मिनिटांचं भाषण तयार ठेवलं. पहिल्या तासात एक वडील आले. त्यांना बाथरूम हवं होतं. एक आजी बराच वेळ बसल्या होत्या, त्यांचे पाय दुखत होते. त्यांना मी फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत आणलं.

मग चहाला गेलो. रणजीत मदतीला आला होता, त्याला म्हटलं जरा बस इथे. वीस मिनिटांनी येऊन बघतो तर माझ्या टेबलाभोवती ही गर्दी! पोरं, पालक, मागे खुर्चीवर चढलेला वरुण. मला आत शिरता येईना. प्रिन्सिपल मॅडमनीही लांबून पाहिलं. संध्याकाळचं सगळ्यात गजबजलेलं टेबल इतिहासाचं होतं. तक्ता कामाला आला.

२७ फेब्रुवारी
चौदा!!

दुसरी पसंती जाहीर झाली. दोनावरून चौदा. शाळेत कुठल्याच विषयाला इतकी मुलं नाहीत. आणि अवनीने स्वतः येऊन सांगितलं की चौदांत ती आहे. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. नव्वद पोरं समोर बसायची, पण हजेरीची सक्ती होती. आपणहून माझ्या वर्गात बसावं असं आमच्या घरातल्या कुणाला कधी वाटेल, याची मी फार वाट पाहिली होती.

सगळ्या स्टाफला प्याज कचोरी दिली. रणजीतने दोन खाल्ल्या, पण माझ्याकडे बघेना. जळतोय बिचारा. पुढच्या वर्षी हेड ऑफ डिपार्टमेंट झालो की त्याला हाताखाली घेईन, खंदक खणायला.

दुसऱ्या महायुद्धाची कारणं सव्वीस करायला घेतलीत. सोमवारी प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलंय. निळा कोट इस्त्रीला दिला.

२ मार्च, सोमवार
रणजीत इतिहासात एमए आहे. गोल्ड मेडल. तेव्हा इतिहासाची जागा भरलेली होती म्हणून पीटीवर लागला. जागा माझ्यामुळे भरलेली होती.

मुलांच्या फॉर्मवर शेरा लिहायचा रकाना होता. मॅडमनी चौदाही फॉर्म माझ्यासमोर ठेवले. सगळ्यांवर थोड्याफार फरकाने एकच अट होती : शिकवायला पीटीचे सर हवेत. काहींनी माझ्याबद्दल चांगलंही लिहिलंय. एकाने लिहिलंय की सर मनाने वाईट नाहीत. अक्षर वरुणचं.

मला लायब्ररी आणि बस ड्युटी देऊ केलीय. विचार करून सांगतो म्हटलं.

 सुनंदाने विचारलं काय झालं, तर म्हटलं चर्चा सकारात्मक झाली.

५ मार्च, संध्याकाळी सात
विषयांचा शेवटचा फॉर्म आला. छापील. डावीकडे विषय, मध्ये शिक्षकाचं नाव, उजवीकडे पालकाची सही. उद्या सकाळी द्यायचाय. मार्च म्हणून सुनंदा बँकेत अडकलीय, सी-स्कीम भागातल्या ब्रँचमधून यायला तिला दहा वाजतात. म्हणजे सही मलाच करायची होती.

अवनी फॉर्म पाठीमागे धरून बराच वेळ दारात उभी होती. मग म्हणाली, बाबा, मी हिस्टरी घेतली तर तुम्हाला वाईट वाटेल का? मी म्हटलं, वाईट कशाला वाटेल, तू तर पहिल्यापासून इतिहासच घेतलाय. ती रडायला लागली. म्हणाली, पहिल्या फॉर्मवर तुमच्यासाठी लिहिलं होतं, मतलब एकही नाव आलं नसतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं म्हणून. आता मला स्वतःला शिकायचाय.

 तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि बरंही वाटलं.

मधल्या रकान्यातलं नाव वाचलं आणि उजवीकडे सही केली. माझं पेन उठेना, तिचं घेतलं.