भिंतीखालची ओली जागा

प्रिय ताई वोंगाई,

तळवे वाजवून नमस्कार. मी सिप्रियन मावुंगा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, चिरोम्बे टेकडीवरील प्राचीन दगडी शहराचा प्रशासन अधिकारी आणि तुझा धाकटा भाऊ. हे पत्र तुला घरी बोलावण्यासाठी लिहीत आहे. सख्ख्या भावाने अशी ओळख करून द्यावी याचे तुला हसू येईल. परंतु गेल्या भेटीपासून तू मला कोणत्या नात्याने ओळखतेस याची मला खात्री नाही.

घरी सर्व कुशल आहे. माझ्या बायकोचा, सेलिनाचा, गुडघा बरा आहे. मका अजून पेरलेला नाही. ढग येतात, टेकडीवर थोडा वेळ रेंगाळतात आणि तसेच पुढे जातात. पाऊस मागण्यासाठी गावोगावी बायका नाचणीची बिअर गाळत आहेत. सगळा मुलूख आभाळाकडे पाहून याचना करतो आहे. मीही करतो, पण माझी याचना उलटी आहे. त्याचे कारण पुढे येईल.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तुझा फोन तुझे मुलगेही हाताळतात. सीमेपलीकडे माल विकायला जाणाऱ्या माई चेनाईच्या हाती हे देत आहे. ती वाचणार नाही. तूही एकटीने वाच.

गेल्या वेळी फाटकावर माझ्या माणसाने तुझ्याकडे तिकीट मागितले. मी खिडकीतून पाहत होतो. तू तिकीट काढलेस, वर जाऊन आलीस आणि जाताना म्हणालीस, "सिप्रियन, बाबांनी या भिंतींचे पडलेले दगड मजुरी न घेता परत रचले. तू आमच्याकडून बघायचे पैसे घे." नियम सर्वांना सारखा असतो, असे मी उत्तर दिले. नियम खरोखरच सारखा आहे. तू मात्र चहा न घेता बस पकडलीस.

आता आईविषयी. तिची प्रकृती ठीक आहे. ती टेकडीवर बसली आहे.

आपण जिच्या सावलीत शेळ्या राखायचो, त्या पूर्वेच्या मोठ्या भिंतीला पोट आले आहे, मधोमध ती बाहेर फुगली आहे. तिच्यात चुना नाही, माती नाही. शेकडो वर्षे दगड दगडाच्या भाराने उभा आहे. परंतु मागून झिरपणारे पाणी आता त्याला ढकलते आहे. भेग वाढते का ते कळावे म्हणून तिच्यावर आम्ही काचपट्टी चिकटवली होती, ती तडकली. पाणी काढून देण्यासाठी पायथ्याच्या पाणथळीतून चर खणण्याचा आदेश मी दिला. तो आदेश बरोबर होता. चर पुरा झाला नाही, तर पहिल्या मोठ्या सरीत भिंत खाली येईल.

चर अर्ध्यावर असताना सकाळी आई चटई आणि तपकिरीची डबी घेऊन वर आली आणि चराच्या तोंडाशी, बरोबर भिंतीच्या पोटाखाली बसली. तेव्हापासून ती उठलेली नाही. बायकांनी आणलेली माहेवूची आंबवलेली पेज पिते. माझ्या हातचे काही घेत नाही.

"आई, इथं ओल आहे, हाडं धरतील," मी म्हणालो.

"ओल आहे म्हणूनच बसले."

"वरचा दगड बघ तरी."

"तो माझ्यापेक्षा म्हातारा आहे. त्याला घाई नाही, मला नाही. तुलाच कसली घाई?"

"निदान कारण तरी सांग."

तिने तपकीर ओढली. "तू पुरुष आहेस, सिप्रियन."

मला तो टोमणा वाटला.

आपल्या घराण्याचा साह्विरा, पिढीजात थट्टेचा मित्र, म्हणून झिवानाईला बोलावले. त्याला वाट्टेल ते बोलायचा हक्क आहे आणि तो तो पुरेपूर वापरतो. तो तिच्यासमोर काठी टेकून उभा राहिला आणि तिला तिच्या कुळाच्या नावाने हाक मारली. "काय हुंग्वे, जिवंतपणीच थडगं धरून बसलीस? मेलीस तर तुझ्या प्रेतापुढे नाचायचं मलाच आहे, जरा सोयीच्या जागी मर."

"आत्ताच नाचून घे," आई म्हणाली. "तोवर तुझे गुडघे टिकायचे नाहीत."

तो खरोखर थोडा नाचला. दोघेही हसले. खाली उतरताना मात्र तो माझ्या पुढे पुढे चालला. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "ओल्या मातीत बायका काय ठेवतात, ते मला विचारू नकोस. तूही कुणाला विचारू नकोस."

मी विचारले नाही. मला आठवले.

मी सहा वर्षांचा होतो, तू अकराची. आई, आजी आणि तू भल्या सकाळी कुठेतरी गेलात. परतलीस तेव्हा तुझे पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले होते आणि आईचे पोट दिसत नव्हते. मी विचारले, "बाळ कुठंय?" तू म्हणालीस, "कसलं बाळ?" आणि मला एक चापट मारलीस. ताई, ती चापट योग्य होती. हे मी लिहू नये, हे मला कळते. लिहिल्यावाचून तू येणार नाहीस, हेही कळते.

आई समजते आहे की तिने चर वेळेत अडवला. तसे झालेले नाही.

आदल्या संध्याकाळीच, ती जिथे बसली आहे तिथून थोडे खाली, मुकादम चिवाराच्या कुदळीला एक मडके लागले. पन्नास पावसाळ्यांत ओली माती उतारावरून सरकते. आईची आठवण जागची हलली नाही. मडक्याचे तोंड चिखलाने लिंपलेले होते. चिवारा ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, हे जुनं नाही. मी काही आणलं नाही, तुम्ही काही पाहिलं नाही," आणि हात धुवायला गेला. मी ते उघडलेले नाही. आमच्या कोठारात क्रमांक न घालता ठेवलेली ती एकमेव वस्तू आहे.

कोठार कोरडे आहे. जन्मण्याआधीच गेलेले बाळ कोरड्यात राहिले तर आईचा जीव करपतो आणि पाऊस रुसतो, असे आजी म्हणायची. मी अशा गोष्टी मानत नाही. तरी मडके ओल्या पोत्यात गुंडाळले आहे आणि रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडतो. पुरुषाच्या ज्या हातांनी ते शिवायचे नाही, त्याच हातांनी.

आईला उचलून आणायला पहारेकरी धाडू शकतो. आईवर हात टाकणाऱ्याला प्रायश्चित्त म्हणून पोते पांघरून दारोदार धान्य मागावे लागते; तेही मी करीन. परंतु चर पुढे गेलेला पाहून ती काय समजेल, आणि तिला खरे कोण सांगेल? मी सांगितले, तर तिने पन्नास वर्षे राखलेले माझ्या तोंडून फुटेल. सेलिना सून आहे, तिच्यापुढे आई हा विषय काढणार नाही. त्या सकाळी गेलेल्यांपैकी आता आई आणि तूच उरल्या आहात.

म्हणून ये. कोठाराच्या दोन किल्ल्यांपैकी एक पाकिटात घातली आहे. आत डावीकडे, भिंतीच्या सुट्या दगडांमागे पोते आहे. ते घेऊन नदीकाठी कोणत्या ओलीत जायचे, हे तुला ठाऊक. मग वर येऊन आईच्या कानात काय सांगायचे, तेही तुला ठाऊक. फाटकावर तिकीट कोणी मागणार नाही. मी स्वतः तिथे असेन, पाठ फिरवून.

आज दुपारी पूर्वेला वीज चमकली. फाटकाशी बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही मान वर करून पाहिले आणि समाधानाने म्हणाली, "आला बघ."

मी कामगारांना घरी पाठवले आहे आणि माझी चटई वर नेली आहे. तुझ्या येण्याची खबर येईपर्यंत भिंतीखाली तिच्या शेजारी बसतो. ती विचारते, "तू कशाला आलास?" मी सांगतो, इथे सावली बरी आहे.

ज्याला काहीही ठाऊक नाही असा तुझा भाऊ,
सिप्रियन मावुंगा

चिरोम्बे टेकडी, मास्विंगो
१४ नोव्हेंबर २०२३