हात थांबतात तिथे खूण

सोमवार, ३ तारीख

आज नातीच्या कामावरचा मुकादम आला. तीन जिने चढून असा धापा टाकत होता, की पाणी पोटात गेल्याशिवाय शब्द फुटेना. नात कागद ऑफिसात विसरली, ते द्यायला आलेला. ती अजून घरी यायची होती. पण त्याच्या पोटात काही राहतंय का? "आजी, पोरीचं काही खरं नाही. कामावर ठेवायची की काढायची ते महिनाअखेर ठरणार. आमच्या मोठ्या बाईंनी तिने लिहिलेले दोन कागद परत पाठवले, कळत नाहीत म्हणून."

मला घरात कुणी सांगितलं नाही हे.

नात वाफेवरच्या धुलाईखान्यात आहे. यंत्र कसं चालवायचं ते लिहून भिंतीवर लावायचं, हे तिचं काम. मी चौथीत शाळा सोडली, आणि माझी नात लिहिण्याचा पगार घेते — आतून फार बरं वाटतं. गुडघे मात्र ठणकतायत.

मंगळवार, ४

तिला म्हटलं, मला वाचून दाखव. "तुला काय कळणार, आजी?" म्हटलं, मला कळलं तर दगडालाही कळेल.

टोपलीतल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसले. ती वाचायला लागली — 'दार उघडण्यापूर्वी वाफेचा निचरा करण्यात आल्याची खातरजमा करण्यात यावी.' मी म्हटलं, हो हो, पुढे. ती हसली. "तोंडाने हो म्हणतेस, पण कळलं नाही की तुझे हात थांबतात."

आता हात थांबले की ती पेन्सिलीने खूण करते.

गुरुवार, ६

एका कागदावर अकरा खुणा! शेवटी उरलं ते असं — आधी वाफ सोडा. काटा शून्यावर आला की मगच दार उघडा. हा कागद मोठ्या बाईंनी परत पाठवला नाही, भिंतीवर लावला.

सोमवार, १०

दमले. ती माझ्याहून जास्त.

मंगळवार, ११

आज इस्त्रीच्या रुळांचा कागद. चादर अडकली तर काय करायचं, ते. पोरीचे डोळे खोल गेलेले, चौथ्यांदा वाचत होती. वीज आधी तोडायची की रूळ आधी उलटा फिरवायचा, मला काही उमजेना. पण तिचा चेहरा बघवेना.

हात चालू ठेवले. काळा मोजा निळ्यात, मोठा लहानात, कसाही.

"झालं एकदाचं," म्हणाली आणि कागद छातीवर ठेवून तिथेच झोपली. मी मोजे परत सोडवत बसले.

शुक्रवार, १४

मुकादमाचा हात भाजला. चादर अडकलेली, त्याने चालू रूळ उलटा फिरवायला घेतला. तीन बोटं. कागद माझ्या नातीचा.

ती जेवली नाही. "मी लिहिलेलं वाचून हात घातला गं त्याने." माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

शनिवार, १५

सकाळी सांगून टाकलं. कडाडली असती तर बरं झालं असतं. "हात का नाही थांबवलेस, आजी?" एवढंच. मोज्यांची टोपली उचलून फडताळावर ठेवली.

रविवार, १६

मोठ्या बाई आल्या. मागे मुकादम, हात गळ्यात बांधलेला. नात कोपऱ्यात उभी. मला वाटलं, झालं, काढायलाच आलेत. त्या बसायच्या आत मी म्हटलं, चूक माझी आहे, पोरीला काढू नका. मोज्यांचं सगळं सांगितलं.

मुकादम खाली बघून म्हणाला, "आजी, मलाही कळलं नव्हतं. बाईंनी विचारलं, समजलं ना? मी मान डोलावली. इतकी वर्षं झाली कामाला, विचारायची लाज वाटली."

मोठ्या बाई खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "त्यावर सही माझी आहे. मीही नुसती मानच डोलावली." नातीला म्हणाल्या, "महिनाअखेरचं डोक्यातून काढ."

पोरीने फडताळावरून टोपली खाली घेतली.

सोमवार, १७

मोठ्या बाई आणि मुकादम गुरुवारी परत येणार आहेत, भिंतीवरचे सगळे जुने कागद उतरवून घेऊन, माझ्यापुढे वाचायला. काल जाताना मुकादम जिन्यातून म्हणाला, "आजी, मोजे भरपूर काढून ठेवा."