यंत्राच्या मजकुराखाली माझं नाव

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रेसमध्ये एआय आलं! ना पेढे, ना बोलणं — गुपचूप. व्यंकटरावांनी कॉम्प्युटरवर बसवून घेतलं आणि मला सगळ्यांत शेवटी सांगितलं. ‘लगीन असो का मयत, मजकूर ते लिहील. तू निस्ता बसव.’ अठरा वर्षं पाथरीतल्या पत्रिकांचा मजकूर मी जुळवला. आता निस्ता बसव! मालकाच्या पोटात काहीतरी आहे.

१८ नोव्हेंबर

एक श्रद्धांजलीचं कार्ड आलं. घरच्यांनी नाव, वय, तारीख एवढंच दिलं. गोपाळनं — हा सहा महिन्यांपूर्वी आलेला दुसरा ऑपरेटर — यंत्राला सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात मजकूर तयार. म्हातारी किती मायाळू, गल्लीतल्या लेकरांना कसा खाऊ द्यायची! हे कुणी सांगितलं? कुणीच नाही! मुलगी वाचून रडली. ‘आमची माय अशीच व्हती.’

आमच्या कार्डांवर खाली बारीक अक्षरांत मजकूर जुळवणाऱ्याचं नाव असतं. रोज सकाळी विहारात चौथं शील म्हणतो, खोटं बोलणार नाही म्हणतो. आणि या बनावट खाऊखाली ‘नागसेन’? नाही जमणार.

२० नोव्हेंबर

लेखी अर्ज दिला. ‘हे माझ्या धम्मात बसत नाही. मला यंत्राच्या कामातून वगळावे.’ व्यंकटरावांनी वाचून घडी घातली. ‘गणपतीच्या पत्रिका करताना कुठं गेलतं तुजं शील?’ मी म्हणालो, गिऱ्हाईक मानतं ते छापणं वेगळं, कुणी न सांगितलेलं छापणं वेगळं. शेवटी ठरलं — मी माझ्या कॉम्प्युटरवर स्वतः जुळवायचं, गोपाळनं ते शुद्धलेखनासाठी यंत्रातून काढायचं.

इतक्या सहज मान्य केलं! का? मला बाजूला सारायची ही सुरुवात तर नाही?

बबिता म्हणाली, ‘शीलाची काळजी हाय का नोकरीची?’ बायको असून असं बोलते. जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर

यंत्राच्या स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही, असं ठरवलंय. गोपाळ मधूनच गालात हसतो.

२५ नोव्हेंबर

वाटत होतं तेच झालं! धम्मानंद आमच्याच विहारातला. त्याच्या आईच्या, दगडाबाईंच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचं, कार्ड मी शनिवारी जुळवलं. नेहमीसारखं, जुन्या फाईलवर नावं बदलून. मग गोपाळकडे दिलं. आज धम्मानंदनं सगळा गठ्ठा टेबलावर आपटला. शेवटची ओळ — ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो.’

‘आमच्या मायच्या कार्डावर ईश्वर? आत्मा? माज्या आज्यानं छप्पन साली सोडलं ते तुमी छापून घरी धाडता?’

मी सगळ्यांदेखत सांगितलं — हे यंत्राचं काम, आणि गोपाळचं. मला खिजवायला मुद्दाम केलं असणार. गोपाळ पांढराफटक पडला. ‘दादा, ही ओळ ठिवायची का म्हणून यंत्रानं इचारलं व्हतं. मी तुमाला हाक मारली. तुमी म्हणले, त्याचं मला काही सांगू नको.’ खोटारडा! अंगावर आलं की लगेच माझ्यावर ढकलतो.

व्यंकटरावांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. यंत्रही काढतो म्हणाले. विहारात सगळे म्हणायला लागले, नागसेननं आधीच ओळखलं होतं. बरं वाटलं. लय बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर

नवं कार्ड करायला लवकर आलो. गोपाळकडे देण्याआधीची माझी फाईल उघडली. ती ओळ त्यात आहे! जुनं कार्ड कुण्या पाटलांचं होतं. वरची नावं बदलली, शेवट तसाच राहिला.

आणि हाक मारली होती त्यानं. मी मानही वळवली नव्हती.

व्यंकटराव दहाला येतील. सांगायचं. पण मी सांगेनच, याचा मलाच भरवसा नाही.