गाठ म्हणा, टीबी नको

आबा, मागच्या आठवड्यात लातूरच्या माझ्या दवाखान्यात मुरुडचे एक गृहस्थ आले होते. वय तुम्ही गेलात तेव्हाचं. संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, थुंकीत काही सापडत नाही, आणि छातीच्या मधोमध श्वासनळीला चिकटून गाठी. सोबत मुलगी होती, तिची सोयरीक ठरलेली. तिला बाहेर बसवून ते हळूच म्हणाले, "मॅडम, काय बी निघू द्या, टीबी तेवढा म्हणू नका. गाठ म्हणा." मी हातातली त्यांच्या छातीची फिल्म खाली ठेवली. शब्दन् शब्द तुमचा होता.

नांदेडला त्या दिवशी मी तुमच्या शेजारीच बसले होते. डॉक्टर म्हणाले, टीबीच वाटतो, पण खात्री करायची तर छाती उघडावी लागेल, त्यासाठी हैदराबाद गाठा. नाहीतर अंदाजानं गोळ्या सुरू करू. तुम्ही दोन्हीला नको म्हणालात, वर "टीबी तेवढा म्हणू नका, गाठ म्हणा" म्हणालात. ताईला बघायला पाहुणे येणार होते ना. वर्गात पोरांना विज्ञान शिकवणारा माणूस, आणि हे असं! मला अजून राग येतो. जळकोटला परतून तुम्ही सांगितलंत की कॅन्सरची गाठ आहे, इलाज नाही. मग गाव भेटायला आलं, मोसंबी घेऊन तुमच्या खाटेवर बसलं. टीबी म्हटलं असतं तर आईला तुमचा ताट-तांब्या वेगळा काढावा लागला असता आणि पाहुणे फिरकले नसते. लग्न झालं. तुम्ही खुर्चीत बसून अक्षता टाकल्यात आणि पोळ्याच्या आत गेलात. नुसता गाठीतला टीबी सहसा कुणाला लागतही नाही, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

आता छाती उघडावी लागत नाही, आबा. घसा बधिर करायचा, थोडी गुंगी द्यायची आणि तोंडातून बारीक दुर्बीण श्वासनळीत सोडायची. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, त्यामुळे भिंतीपलीकडची गाठ पडद्यावर दिसते. तिथूनच सुई घालून कण काढायचे. माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. मुरुडच्या गृहस्थांचे कण काढताना पडद्यावर मी कुणाची गाठ बघत होते ते मलाच ठाऊक.

काल रिपोर्ट आला. टीबी. मी त्यांना समजावलं की हा लागत नाही, गोळ्या नेमानं घेतल्या की बरा होतो, आणि ते म्हणतील त्यालाच मी सांगीन. मग त्यांनी स्वतःच दार उघडून मुलीला आत घेतलं. "टीबी हाय म्हणतेत," म्हणाले. मुलगी म्हणाली, "मग गोळ्या घ्या की, बापू. लग्नाचं बघू."

ताईला आणि मलाही एवढंच म्हणायचं होतं. आम्हाला दोघींना तुम्ही ते म्हणू दिलं नाहीत.

ताईला अजून वाटतं की तुम्हाला कॅन्सरच होता. म्हणून हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही. तुम्हाला वाचून दाखवलं की फाडून टाकीन. फक्त तुम्हाला सांगते. काल रिपोर्ट उघडताना, दाराबाहेर सोयरीक ठरलेली ती पोरगी बसलेली असताना, तुमच्यासारखंच माझ्याही मनात क्षणभर आलं होतं, कॅन्सर निघू दे.